विहिरीच्या तळातली बाभूळ

यंदा विहिरीने पुन्हा तळ दाखवायला सुरुवात केली आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं नाही तोच खालची कपार उघडी पडली. गावातला जो तो काठावर येतो, वाकून बघतो, नुसतं 'च्च' करतो आणि टोपी सारखी करत निघून जातो. मीही बघते. केजच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. शनिवारी अर्धी शाळा सुटली की गावी येते आणि चहाच्या आधी विहिरीवर जाते. आईला वाटतं, पोरगी पाण्याच्या काळजीने जाते. काळजी आहेच, ती इथे कुणाला सुटली आहे. पण मी त्या पाण्याखाली दुसरंच काहीतरी शोधत असते आणि ते दिसायचं तर पाणी अजून थोडं खाली जायला हवं. असली इच्छा गावात बोलून दाखवायची सोय नाही.

दुष्काळाचं आणि माझं जुनं भांडण आहे. बाहेरची माणसं येतात, भेगाळलेल्या जमिनीचे फोटो काढतात, एखाद्या म्हाताऱ्याला कपाळाला हात लावून बसायला सांगतात आणि जातात. त्या फोटोंत आम्ही कायम बसलेले असतो. मला त्याचा मनापासून राग येतो. तो मोठा दुष्काळ पडला त्या साली आमच्याकडे कुणी बसून नव्हतं. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, जनावरांच्या छावणीवर डबा पोचवायचा, परत येताना जळण वेचायचं, यात दिवस कधी बुडायचा ते कळत नसे. आणि त्या सगळ्या धावपळीत मी एका धनुष्यासाठी घराशी आणि गावाशी भांडत होते. त्या उन्हाळ्याचं काय आठवतं असं कुणी विचारलं तर मला पाणी आठवतच नाही. बाभळीच्या भुशाचा तुरट वास आठवतो, आणि डाव्या तळहाताला ती सल अजून जाणवते.

धनुष्याचं आधी सांगते. आमच्या तिरंदाजीच्या खेळातलं धनुष्य सुटं करता येतं. वरचं पातं, खालचं पातं आणि मधला भाग असे तीन तुकडे बोल्टने जोडायचे, दोरी चढवायची, झालं धनुष्य. मधल्या भागाला रायझर म्हणतात. मूठ त्यावर असते, बाण त्याच्याच अंगाला टेकतो आणि दोरी ओढली की सगळा ताण तोच सोसतो. पाती नुसती वाकतात. त्या वर्षी तालुक्याच्या क्लबातली मुलं एकेक करून पांगली, कुणी पुण्याला गेलं, कुणी आईबापांबरोबर ऊसतोडीला, आणि क्लब बंद पडला. रायझर क्लबचा होता, तो पेटीत बसून परत गेला. दोरी-बाण मात्र माझे होते आणि पातीही, कॉलेजच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेली. ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी गावी आले.

शेजारच्या काकूंनी लुगडं उलगडून बघितलं. "ह्ये काय गं ज्योते, वखराची पास हाय का?"

"न्हाई काकू, धनुष्य हाय."

"आन मधलं कुठाय?"

"मधलं न्हाई."

काकूंनी लुगडं पुन्हा गुंडाळलं आणि अगदी मायेने माझ्या हातात ठेवलं. आजारी माणसाला भेटायला आलेली बाई जसं बोलते तसं त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मग. आसंल काई नशिबात." मला तो मऊ आवाज अजून चीड आणतो. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

क्लबच्या सरांचा फोन आला तेव्हा मी टँकरच्या रांगेत होते. पाडव्यानंतर बीडला निवड चाचणी होती. "ज्योती, तुझ्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष," सर म्हणाले. "पुढच्या साली तू या गटात बसणार नाहीस. ये, पण स्वतःचं धनुष्य घेऊन ये. माझ्याकडे द्यायला आता काही नाही." सर खोटं बोलणारे नव्हते. ते स्वतः वापरायचे तो रायझरही त्याच पेटीतून गेला होता. मी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरापर्यंत एकच गोष्ट मनात घोळवत आले, की पाती आहेत ना, मग मूठ करू. कशाची, कुणाकडून, कधी, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

इथे त्या विहिरीची गोष्ट येते. आमच्याकडे बाभळीचं लाकूड तोडलं की लगेच कामाला घेत नाहीत. ओंडका विहिरीत नाहीतर डोहात बुडवून ठेवतात, वर्ष, दोन वर्षं. पाण्यात लाकडाचा रस निघून जातो आणि मग त्याला कीड लागत नाही. विहीर भावकीत सामायिक असते, म्हणून बुडवण्याआधी ज्याने त्याने ओंडक्याच्या डोक्यावर आपली खूण कोरायची. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, नव्या बैलगाडीच्या चाकांसाठी असाच एक ओंडका विहिरीत सोडला होता. पुढे गावात ट्रॅक्टर आले, गाडी राहून गेली, आजोबाही गेले. ओंडका तिथेच राहिला. घरात तो सगळ्यांना माहीत होता आणि सगळे त्याला विसरले होते. त्या साली दिवाळीनंतर पाणी उतरत गेलं आणि एके सकाळी गाळातून आजोबांची फुली वर आली.

आई त्या दिवशी पहिल्यांदा रडली, आणि तेही पाण्यासाठी नाही. "मामंजी वर आले," एवढंच म्हणाली.

महाशिवरात्रीपर्यंत ओंडका तळाशी तसाच पडून होता. वर उन्हात काढला असता तर चिरफळ्या झाल्या असत्या. विहिरीच्या गार सावलीत तो सावकाश वाळला. म्हणजे ज्या दुष्काळाने पाणी नेलं त्यानेच आमचं लाकूड वाळवून ठेवलं. त्याचे उपकार मानायची मला काही गरज वाटली नाही. लाकूड आमचंच होतं.

पण ते माझ्या एकटीचं नव्हतं. तात्या, म्हणजे माझ्या वडिलांचे, दादांचे, थोरले भाऊ, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. दूध आटल्यावर संस्थेत चेअरमनला काम उरलं नव्हतं, म्हणून ते बैलगाडीवर बॅरल बांधून लांबच्या बोअरवरून वस्तीला पाणी आणायचे. भरल्या गाडीने त्यांचं जू मोडलं. जुवाशिवाय बैल जुंपणार कसे, आणि बैल जुंपले नाहीत तर वस्तीने प्यायचं काय. तात्यांनी ओंडक्यावर हात ठेवला तेव्हा त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

"पान्याची गाडी मोठी का तुजं खेळनं मोठं?" त्यांनी मला विचारलं.

"पान्याची गाडी मोठी," मी म्हटलं. "पर जू काढून उरंल ते माजं."

"उरंल ते चुलीला."

"उरंल ते माजं, तात्या."

तात्यांसमोर घरात कुणी दुसऱ्यांदा बोलत नसे. त्यांनी माझ्याकडे न बघता दादांकडे बघितलं. माझे दादा दूध संस्थेचे सचिव, जन्मभर थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर न गेलेले. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. मग म्हणाले, "आबांनी ठिवलेलं लाकूड हाय. चुलीत न्हाई जायाचं." त्यांनी भावाला दिलेलं तेवढं एकच उलट उत्तर मला माहीत आहे.

ओंडका किसनमामांकडे गेला. किसनमामा गावचे सुतार. मूळचे आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून माझे मामा. जू, तिफण, वखर, दाराची चौकट, जे मागाल ते करून द्यायचे आणि वर चार शब्द ऐकवायचे. अंगाने काटकुळे, स्वभावाने बाभळीसारखेच. त्यांनी आधी तात्यांचं जू केलं. नुसतं केलं नाही, त्याला मधोमध सुतळी बांधून दाराच्या वरच्या पट्टीला टांगलं. जू हवेत आडवं स्थिर राहिलं, इकडे झुकलं नाही की तिकडे. "ह्येला म्हनत्यात काम," ते म्हणाले. "एका अंगाला जड झालं तर एक बैल मरतो." उरला तो दीड हाताचा ठोकळा. उभा चिरला तर दोन रायझर निघतील, तिसऱ्याला लाकूड नाही.

कामाला जागा नव्हती, कारण मामांच्या पडवीत छावणीवरून आलेल्या पाहुण्यांची बिऱ्हाडं होती. दादांनी दूध संस्थेच्या खोलीची किल्ली दिली. सिमेंटचा कट्टा, त्यावर पूर्वी कॅन ओळीने लागायचे. भिंतीवर सभासदांनी दूध स्वच्छ आणावे अशी पाटी. खोलीत अजून आंबट दुधाचा वास मुरलेला होता, तो पहिल्या दोन दिवसांत बाभळीने हाकलून लावला. तात्या दारात येऊन म्हणाले, "संस्थेची खोली हाय, सुतारशाळा न्हाई." मी म्हटलं, "दूध आलं की झाडून देते." दूध येणार नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. ऊन आत येऊ नये म्हणून ते जाताना दार लोटून गेले. मी ते तेव्हा पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

दूध तपासायच्या यंत्राचं रिकामं खोकं होतं. त्याच्या पुठ्ठ्यावर मी आठवून आठवून रायझरचा आकार काढला. इथे मूठ, इथे पाती बसायची जागा, ती एवढ्या तिरपीने. हाताला जे आठवत होतं तेच पुठ्ठ्यावर उतरलं, डोळ्यांना फारसं काही आठवत नव्हतं. पुठ्ठ्यावर आकार बाजूने दिसतो. बाण जायला मुठीच्या वर डाव्या अंगाने लाकूड कापावं लागतं, जवळजवळ निम्म्यापर्यंत, त्या खाचेला खिडकी म्हणतात, ती पुठ्ठ्यावर दाखवता येईना. मी तोंडाने सांगितलं. डाव्या अंगानेच मामा, उजव्या अंगाला हात लावायचा नाही. मामांनी मान डोलावली. माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या वाकसाची धार बघत होते.

बोल्टसाठी नांदूरघाटला रफीकभाईंकडे गेले. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. दुकान उघडं, मोटार एकही नाही. रफीकभाई खुर्चीत बसून दारातल्या उन्हाकडे बघत होते. "बोअरी आटल्या," म्हणाले, "आता मोटरी जळायच्याबी बंद झाल्या. माजा धंदा पान्यावर न्हवता बेटा, मोटर जळन्यावर होता. बरं, आन इकडं, काय हाय ते." मी पाती दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, दोरी कुठे बसते ते विचारलं, आणि भंगारातल्या मोटारीचे पितळी बुश, म्हणजे आखूड नळ्या, काढून त्यांना आतून आटे पाडायला बसले. लाकडात नुसता बोल्ट फिरवला तर लाकूड खातो, पितळ बसवलं तर टिकतं. निघताना म्हणाले, "दोन जादा पाडलेत. एक मोडलं तर पुना यायला नको." मोडायचं नाव काढलं म्हणून मला तेव्हा राग आला.

मी पुढचा दिवस छावणीवर होते, आईला बरं नव्हतं. परत आले तेव्हा रायझर तयार होता. रंध्याने गुळगुळीत केलेला, तेल पाजलेला, आतला लालसर रंग वर आलेला. सुतळीने दाराला टांगलेला होता आणि अगदी स्थिर होता, कारण मामांनी तो दोन्ही अंगांनी सारखा कापला होता. डावीकडे खिडकी, उजवीकडे तशीच खिडकी. मध्ये जे लाकूड उरलं होतं ते माझ्या अंगठ्याहून थोडं जाड.

"मामा, एकाच अंगानं म्हनले होते."

"एका अंगानं खाल्लेलं लाकूड मी हातातून देनार न्हाई," मामा म्हणाले. "चाळीस वर्सं जू करतुय. दोन्ही अंगं सारखी पायजेत. न्हाईतर वढताना फिरतंय."

"ह्ये फिरत न्हाई."

"तुला काय म्हाईत."

मला माहीत होतं. पण एवढं देखणं काम झालं होतं की क्षणभर मलाच वाटलं, बाभूळ आहे, सोसेल. पाती बसवली, बोल्ट आवळले, दोरी चढवली. तात्या पाण्याची गाडी सोडून दारात येऊन उभे राहिले. मी हात लांब केला आणि ओढली. अर्ध्यापर्यंत आली. मग बारीक आवाज झाला, वाळकी शेंग फुटावी एवढाच, आणि मूठ माझ्या हातात दुभंगली. पातं भिंतीवर जाऊन आपटलं. लाकडाची एक लांब कपची तळहातात घुसली होती आणि मी ती बघत उभी होते.

तात्या आत आले, माझा हात धरला, कपची ओढून काढली आणि उपरणं बांधलं. बांधता बांधता म्हणाले, "झालं समाधान?"

"न्हाई झालं," मी म्हटलं. रडू येत होतं ते हाताचं नव्हतं. "पातं बगा फुटलं का."

पातं फुटलं नव्हतं. नुसता ओरखडा होता. मामा कोपऱ्यात तुकडे उचलत होते. त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले, कट्ट्यावर ठेवले, पिशवीत हत्यारं भरली आणि निघून गेले. नंतर ते आलेच नाहीत. निरोप पाठवला तर घरी नाहीत. घरापुढून गेले तर आत आहेत, पण झोपलेत.

त्या दिवसांत मला सगळ्यांनी समजावलं. आपल्याकडे समजावणं फार स्वस्त असतं. छावणीत तर ते चाऱ्याबरोबरच मिळायचं. दुष्काळ हाय पोरी, हे वर्स असंच जायाचं. जनावरं जगवायची का खेळ करायचे. वर्ष 'असंच' जाणार हे ठरवलं कुणी, ते मला कुणी सांगेना. पाऊस आला नाही हे खरं. पण पावसाने माझ्या वयाला थांब म्हणून सांगितलेलं नव्हतं. आणि जनावरं जगवायला मी रोज जातच होते की. दुष्काळात माणसाने एकच काम करावं, ते म्हणजे सोसावं, असा एक अलिखित ठराव सगळ्यांनी मिळून पास केला होता. मी त्या ठरावाला हात वर केला नव्हता.

हात बांधलेला असताना मी उरलेला अर्धा ठोकळा कट्ट्यावर घेतला आणि कानशीने घासायला लागले. बाभूळ कानशीला दाद देत नाही. सकाळभर घासलं तर चिमूटभर भुसा पडायचा. कितव्या तरी सकाळी दारात सावली पडली आणि मामांचा आवाज आला, "सर बाजूला. लाकूड रडाया लागलंय."

मी सरले नाही. तुटलेल्या मुठीला मी दोन्ही बाजूंनी घट्ट सुतळी गुंडाळून ठेवली होती. ती त्यांच्या डाव्या हातात दिली, वर खाली दोरीचा फास बांधला आणि म्हटलं, "आता उजव्या हातानं वढा." मामांनी ओढलं. पहिल्यांदा जोराने, मग हळू, मग डोळे मिटून. मी विचारलं, "भार कुठं येतुय?"

"मनगटाच्या म्होरं. तळव्याच्या ह्या बुडाला."

"दोन अंगांना येतुय का?"

मामांनी पुन्हा ओढून पाहिलं. चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. "न्हाई," ते म्हणाले. "समूर जातुय आन मागं येतुय. म्हंजी ह्ये जू न्हाई."

"न्हाई मामा. ह्येला एकच बैल हाय. आन तो बी मीच."

मामा हसले. त्यांना हसताना गावाने फार वेळा पाहिलं नसेल. मग खाली बसले, माझ्याकडून ठोकळा घेतला आणि बोटाने त्यावर रेघ ओढत म्हणाले, "एका अंगानं खातो. पर म्होरल्या बाजूला पोट ठिवतो जाड, कुदळीच्या दांड्याला ठिवतो तसं. तुज्या पुठ्ठ्यात पोट न्हाई." पुठ्ठ्यात खरंच पोट नव्हतं. क्लबचा रायझर धातूचा होता, त्याला लागत नव्हतं. हे मला सुचलं नसतं आणि एक अंग कापायचं त्यांना सुचलं नसतं. आम्ही दोघं त्या ठोकळ्यावर तीन-चार वेळा तरी कडाकडा भांडलो, आणि प्रत्येक भांडणातून लाकूड थोडं पुढे सरकलं. पात्यांच्या जागा पटाशीने बारीक बारीक तासायच्या, पाती बसवायची, दोरी लावायची, मागे उभं राहून बघायचं, दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध पडते का. केसभर इकडे पडली की पुन्हा खोलायचं. रफीकभाईंचे जादा बुश तेव्हा कामी आले.

झालं तेव्हा मामांनी सवयीने ते सुतळीला टांगलं. ते एका बाजूला कललं. "वाकडं दिसतंय," मामा म्हणाले. त्यानंतर जन्मभर ते तेच म्हणत राहिले.

नेम धरायला जागा हवी होती आणि समोर लक्ष्य हवं होतं. क्लबात आम्ही गवताच्या जाड चकत्यांवर बाण मारायचो. त्या साली गवतावर, कडब्यावर बाण मारणं म्हणजे गाईच्या तोंडचा घास फेकण्यासारखं, ते मीही केलं नसतं. मी छावणीतली फाटकी पोती गोळा केली, त्यांत चिंध्या आणि पेंडीच्या प्लास्टिकच्या पिशव्या ठासून भरल्या. जागा तर तयारच होती. गावाचा पाझर तलाव सपाट, कोरडा, या बांधापासून त्या बांधापर्यंत मोकळा पडला होता. मागे बांध, म्हणजे चुकलेला बाण कुठे जायचा नाही. तालुक्यातही असं मैदान नव्हतं.

सकाळी पाण्याच्या पाळीआधी मी त्या तळात उतरायचे. जिथे एरवी माझ्या डोक्यावर पाणी असतं तिथे उभी राहून दोरी हनुवटीपर्यंत आणायचे. पायाखाली भेगा होत्या, ज्यांचे फोटो निघतात त्याच. त्यांत पाय अडकू नये एवढंच बघायचं. बाभूळ हाताला धातूसारखी गार लागत नव्हती. जखमेवर दाबली की जखम ठणकायची, आणि मला ते आवडायचं, कारण ठणका बरोबर जागी आला म्हणजे पकड बरोबर. काठावरून शेळ्या घेऊन जाणारी माणसं थांबायची. पहिल्यांदा हसली, मग हसली नाहीत, मग त्यांतला एक जण रोज विचारायला लागला, "आज किती मधी लागले?" दुष्काळ सोडून दुसरं काही विचारायला मिळालं याचंच त्याला बरं वाटत असावं.

चाचणीच्या दिवशी फाट्यापर्यंत न्यायला कुणाची मोटारसायकल नव्हती. तात्यांनी रिकामे बॅरल लादलेली गाडी दारात उभी केली. "बस," म्हणाले. फाट्यावर मी उतरले, लुगड्यातलं धनुष्य खांद्याला लावलं, तेव्हा त्यांनी बैलांच्या मानेवरच्या नव्या जुवावर हात ठेवला. "एकाच लाकडाची हायती दोन्ही. ह्ये रोज वढतंय. तू बी वढ." आणि गाडी बोअरकडे वळवली.

बीडच्या मैदानावर बाकीच्यांची धनुष्यं चकचकत होती. तपासणीला बसलेल्या गृहस्थांनी माझं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि शेजारच्याला दाखवून म्हणाले, "हे काय, बैलाचं जू आणलंस का?"

"जू गावाकडे आहे सर," मी म्हटलं. "ते पाणी आणतंय."

ते हसायचे थांबले. नियम काढून बघितला, लाकडाला मनाई नव्हती. माझे पहिले बाण बाहेर गेले, कारण बीडचा वारा आमच्या तलावात नव्हता. मग हाताला वारा कळला. दुपारी नावं वाचली त्यात माझं सगळ्यात शेवटी होतं. मला शेवटी असण्याचं काहीच वाटलं नाही. पुढे मी फार मोठी खेळाडू झाले असं नाही. राज्याच्या स्पर्धेत खेळले, प्रशिक्षण घेतलं, शाळेत लागले. पाती दोनदा बदलली. मूठ तीच आहे.

त्या साली मृग कोरडा गेला, पण पुढे पाऊस झाला आणि विहीर भरली. पोळा झाल्यावर एके दिवशी मी विहिरीवर गेले तर मामा आणि तात्या बांधावरची वठलेली बाभूळ तोडून तिचा ओंडका काठावर आणत होते.

"कावून मामा?" मी विचारलं. "आता गाड्या कोन करतंय?"

मामांनी घाम पुसला. "दुस्काळ का एकदाच येतुय? यिऊ दे. आला तर त्येच्याकडनं आपलं लाकूड वसूल करायचं." त्यांनी आणि तात्यांनी ओंडका पाण्यात ढकलला. तो बुडाला, पुन्हा वर आला, मग दगड बांधलेली बाजू खाली गेली. मी विचारलं, डोक्यावर खूण काय केली. मामा म्हणाले, "बगशील यील तवा."

किसनमामा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाने त्यांची पटाशी माझ्याकडे आणून दिली, बापाने तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. मामांनी मला कधी 'माझं चुकलं' असं म्हटलं नाही, मीही त्याची कधी वाट बघितली नाही.

परवा शनिवारी मी विहिरीवर गेले तर कपारीखाली, गाळाच्या वर, काळं काहीतरी दिसत होतं. चप्पल काठावर ठेवली आणि पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवरून हात पोचला. शेवाळ बोटांनी पुसलं. ओंडक्याच्या डोक्याला डाव्या अंगाने एक खोल, स्वच्छ खाच होती, वरून खाली निम्म्यापर्यंत कापलेली. उजवं अंग तसंच ठेवलेलं होतं. त्याला पटाशी लागलेली नव्हती.

मी पायरीवरच बसले. वरून तात्यांचा आवाज आला. आता त्यांना नीट दिसत नाही, काठी टेकत येतात. "ज्योते, पानी किती ऱ्हायलंय गं?"

"हातभर."

"लई वंगाळ."

"आसू द्या," मी म्हटलं. "लाकूड वाळू द्या. मी पटाशीला धार लावते."